दोन वर्षं अंधार, एका फ्यूजपायी

आज दिवसभर बंद पडलेल्या सौरसंचांच्या फायली चाळत बसले. पॅनल 20-25 वर्षं चालतं. लेड-ॲसिड बॅटरी मात्र 3-5 वर्षांत मान टाकते, आणि तिच्यात डिस्टिल्ड वॉटर कोण घालणार, हे करारात कुठेच नाही! उद्घाटनाचा फोटो तेवढा प्रत्येक फायलीत.

म्हणून बांगलादेशातल्या 'ग्रामीण शक्ती' या घरगुती सौरसंच देणाऱ्या संस्थेचं (स्थापना 1996) मला अप्रूप वाटतं. संच फुकट वाटले नाहीत, हप्त्यांवर दिले. गावातल्याच बायकांना दुरुस्ती शिकवली. पुढे जागतिक बँकेचा पैसा इडकॉल या सरकारी वित्तसंस्थेमार्फत अशा संस्थांपर्यंत पोचला. हप्ता घ्यायला येणारा माणूस बॅटरीही बघून जायचा, खरी भागीदारी ती.

संध्याकाळी शेवटची फाईल उघडली. आत एकच टिपण: 'फ्यूज गेला.' तारीख दोन वर्षांपूर्वीची.