पायरीला झिणझिण्या

व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं की वीज तोडणारी प्रोटेक्टरची पेटी सारखी उतरते म्हणजे पेटीच खराब, असं ठरवूनच गाडीवाल्यांनी मला फोन केला होता. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरजवळची टेंटवाली जागा, पुण्याहून आलेली मोटरहोम, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, मे महिना, आणि एसी सारखा बंद. "दादा, हा प्रोटेक्टर काढा, डायरेक्ट करून द्या." मॅनेजरचं पालुपद वेगळं होतं, "अहो, टेंटमधले सगळे दिवे चालतात, गाडीतच फॉल्ट आहे."

मीटर लावला. २३२ व्होल्ट, अगदी छान. टेंटवाल्यांच्या किचनमधला गिझर आणि इंडक्शन सुरू झालं, तर त्याच सॉकेटला २६५! मर्यादा २६० ला लावलेली, म्हणून पेटी वीज तोडत होती. नीट झालं तरी कॉम्प्रेसरसाठी तीन मिनिटं थांबत होती. लोड वाढल्यावर व्होल्टेज चढतं कसं? उतरलंही होतं, पण किचनच्या फेजला: १७०. न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, सैल झाला की तिन्ही फेज आपापसांत ४०० व्होल्ट जमेल तसे वाटून घेतात. बोर्डातल्या एमसीबीला, म्हणजे ओव्हरलोड झाला की पडणाऱ्या स्विचला, याचा पत्ताच नसतो, ती फक्त करंट बघते.

पिलरकडे, म्हणजे सगळ्या सॉकेटना वीज वाटणाऱ्या खांबाकडे, निघालो तेवढ्यात गाडीतल्या वहिनी म्हणाल्या, "अनवाणी उतरलं की पायरीला झिणझिण्या येतात. खाली पाणी मारलंय म्हणून असेल ना?"

लांब स्क्रूड्रायव्हर ओल्या मातीत खुपसला आणि तिथून गाडीच्या बॉडीपर्यंत मोजलं. साठ व्होल्ट. त्यांची दोन्ही पोरं त्याच पायरीवर बसून आंबा खात होती. आधी त्यांना उठवलं, मग गाडीची वायर सॉकेटमधून उपटली.

सॉकेट उघडलं तर अर्थच्या पिनला न्यूट्रलवरून जंपर, म्हणजे जोडतारेचा तुकडा. आमच्याकडे वरवर काळी माती, खाली मुरूम आणि खडक. उन्हाळ्यात अर्थिंग लागत नाही, मग वायरमन हा शॉर्टकट मारतात. टेस्टरला 'अर्थ' दिसतो, मालक खूश. पण न्यूट्रल तरंगला की तेच व्होल्टेज सरळ बॉडीवर, आणि टायर रबरी असल्यामुळे ते जमिनीत उतरतही नाही. पेटीने फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडले तरी अर्थची तार जोडलेलीच राहते. गळतीचा करंट दिसला की वीज तोडणारी गाडीतली ३० मिलिॲम्पियरची आरसीसीबीही गप्प, कारण हा करंट तिच्यातून जातच नाही. म्हणजे पेटीने एसी आणि चार्जर वाचवले. माणसं नाही.

पिलरमध्ये ॲल्युमिनियमची न्यूट्रल केबल लग, म्हणजे टोकाला दाबायची धातूची टोपी, न लावताच तांब्याच्या पट्टीला आवळलेली, जळून काळी. असं काम करणाऱ्याला मी वायरमन म्हणत नाही. कापून, घासून ॲल्युमिनियम-तांबं जोडणारा बायमेटॅलिक लग दाबला. आता तिन्ही फेज २३० च्या आसपास. त्या रांगेतली बाकीची सॉकेटही उघडली, जंपर दिसला तिथे काढला.

खरं अर्थिंग मात्र रात्रीत तयार होत नाही. गाडीवाल्यांना म्हटलं, आज स्वतःच्या बॅटरीवर राहा. एसी चालणार नाही म्हणून साहेब नाराजच झाले.

मॅनेजरला नवीन अर्थिंगच्या खड्ड्याचं कोटेशन दिलंय. "सीझन संपल्यावर बघू," म्हणाला. दर शनिवारी तिथे गाड्या लागतात, आणि काढलेले जंपर कुणी परत लावले असतील का, हे बघायला मला कुणी बोलावलेलं नाही.