नवी गाडी आणि आषाढातला कुंभार्ली

आजीचं सहस्रचंद्रदर्शन गुहागरला करायचं ठरलं ते नेमकं आषाढात. तिथी तिच्या जन्माची, पावसासाठी पुढे ढकलायची सोय नाही. आई-बाबा, दादा-वहिनी कारने आदल्या दिवशीच पुढे गेले. मला शुक्रवारी रजा नव्हती. मी शनिवारी पहाटेच्या एसटीने यायचं, असं घरात ठरलं होतं आणि मी मान डोलावली होती. आरक्षण मात्र केलं नाही. खाली पार्किंगमध्ये अकरा दिवसांपूर्वी घेतलेली साडेतीनशे सीसीची मोटरसायकल उभी होती. मीटरवर १६४ किलोमीटर, टाकीवरच्या स्टिकरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. खरं कारण सांगते : मामांना दाखवायची होती. मामांनी ऐन उमेदीत राजदूतवर अख्खा तालुका पालथा घातलाय. मी स्कूटर घेतली तेव्हा ते तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले होते, "बरी आहे हो, बाजाराला जायला."

पुण्याहून सातारा, उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि मग गुहागर. साधारण पावणेतीनशे किलोमीटर. ताम्हिणीने जाणारेही आहेत. पण मला एसटी आणि ट्रकची वर्दळ असलेला रस्ता हवा होता. एकटीने जायचं आणि काही झालं तर मागून कोणीतरी येणार याची खात्री हवी. हवामान खात्याने साताऱ्याच्या घाटमाथ्याला आणि रत्नागिरीला ऑरेंज अलर्ट दिला होता. आपण हे रंग बातम्यांत नुसते ऐकतो. त्यांच्या भाषेत 'अतिजोरदार' म्हणजे २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर. वाचून पोटात गोळा आला. तरी रेड नाही ना, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली. ही समजूत शहाण्या माणसाची नव्हती, हे आत्ताच कबूल करून टाकते.

दहा वर्षं स्कूटर चालवलेल्या माणसाला पावसाचं भय नसतं. मला भय गाडीचं होतं, कारण ती अजून माझ्या ओळखीची नव्हती. क्लच नेमका कुठे पकडतो, पुढचा ब्रेक किती दाबला की काय होतं, हे हाताला माहीत नसेल तर ओल्या रस्त्यावर डोक्याने विचार करायला वेळ मिळत नाही. डिलिव्हरीच्या दिवशी शोरूमवाल्यांनी हार घातला, लिंबू-मिरची बांधली, पेढे दिले, फोटो काढला. टायरबद्दल मात्र चकार शब्द नाही. नव्या टायरचा पृष्ठभाग साच्यातून आल्यामुळे गुळगुळीत, चकचकीत असतो. तो थोडा घासला जाईपर्यंत पकड कमी असते. ऑफिसातल्या एका मित्राने हे सांगितलं म्हणून वाचले. आधीच्या रविवारी पानशेतच्या बाजूला जवळजवळ शंभर किलोमीटर हिंडले, वळणांवर गाडी हळूहळू जास्त कलती करत. मोकळ्या, ओल्या रस्त्यावर मुद्दाम करकचून ब्रेक मारून पाहिले. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, चालू झाली की पायाखालचं पेडल कडकड करत उलटं ढकलल्यासारखं लागतं. हे मला पहिल्यांदा घाटात कळलं असतं तर काहीतरी तुटलं असं वाटून मी पाय काढला असता.

आणखी एक पेच होता. पहिली सर्व्हिसिंग ५०० किलोमीटरला. जाऊन येऊन साडेपाचशे म्हणजे घरी येईपर्यंत मीटर सातशेच्या वर. मग लक्षात आलं की फुकट सर्व्हिसिंग त्याच कंपनीच्या कुठल्याही अधिकृत केंद्रात होते. परतताना चिपळूणला मीटरवर चारशे ऐंशीच्या आसपास असेल. फोन करून सोमवार सकाळची वेळ घेतली. तोवर वेग साठ-सत्तरच्या आत, आणि एकाच वेगात तासभर हाणायची नाही, एवढं पथ्य.

सामानाचं फार कौतुक सांगत नाही. सगळं कचऱ्याच्या जाड काळ्या पिशव्यांत भरून मगच सॅडल बॅगेत. कार्यात नेसायची पैठणी दोन पिशव्यांत. गमबूट घालून पाहिले, पण त्यांचं नाक इतकं जाड की गिअरच्या लिव्हरखाली जाईना. शेवटी नेहमीचेच बूट, आत मोजा आणि मोज्यावर दुधाची रिकामी पिशवी. हातमोज्यांवरून भांडी घासायचे मोठ्या मापाचे रबरी मोजे. रंग गुलाबी. वॉचमनकाकांनी पाहिलं आणि काही न बोलता गेट उघडलं.

सव्वापाचला निघाले. कात्रजच्या बोगद्यापर्यंत भुरभुर होती. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर दुचाकीला टोल नाही, पण डावीकडची अरुंद पट्टी म्हणजे वाळू, डिझेल आणि पाणी यांचं मिश्रण. तिथे मागचं चाक पहिल्यांदा किंचित सरकलं. खंबाटकी चढले, पाऊस वाढला. साताऱ्यापुढे शेंद्र्यापासून सहापदरीकरणाचं काम, त्यामुळे दर काही किलोमीटरला वळणरस्ता. खरं सांगू? अख्ख्या प्रवासात मला सगळ्यात जास्त भीती घाटात नाही, या सपाट महामार्गावर वाटली. ट्रकच्या चाकांमागून उडणारं राखाडी चिखलपाणी काचेवर बसतं आणि दोन सेकंद पुढचं काही दिसत नाही. हेल्मेटच्या काचेला आतून भांड्याचा साबण चोळून पुसला होता, त्याने वाफ तासभर धरली नाही. पुढे काच एक खाच उघडी ठेवायची आणि हनुवटीवर पाऊस घ्यायचा, दुसरा इलाज नाही.

उंब्रजला पेट्रोल, मिसळ आणि दादाला फोन. दादाने आधी शिव्या दिल्या, मग विचारलं, "काच दिसतेय का? मग ये हळूहळू. आईला मी सांगत नाही." महामार्ग सोडून मल्हारपेठेकडे वळल्यावर एकदम शांत वाटलं. दोन्हीकडे शेतं, डोक्यावर इरलं नाहीतर प्लास्टिकची खोळ घेतलेली माणसं. पाटण मागे पडलं आणि पाऊस बदलला. आता तो पडत नव्हता, समोर उभा होता. कोयना, नवजा या नावांचे रोजचे मिलिमीटर पेपरात वाचते, त्यांचा अर्थ त्या वीस किलोमीटरमध्ये कळला.

एका मोरीचं काम चाललेलं. बाजूने काढलेल्या कच्च्या रस्त्यावरून पाणी वाहत होतं, तांबूस-करडं, तळ न दिसणारं. मी थांबले. कोणीतरी दुचाकीवाला आधी जाऊ दे. दहा मिनिटांनी दुधाच्या किटल्या लावलेला एक जण आला आणि सरळ निघून गेला. पाणी त्याच्या चाकाच्या आसाच्या खाली राहिलं, म्हणजे वीतभर. मग मी. पहिला गिअर, रेस एकसारखी, क्लच दाबायचा नाही, नजर पलीकडच्या काठावर. मनात मित्राचं वाक्य : पाण्यात बंद पडली तर स्टार्टरला हात लावायचा नाही, ढकलून बाहेर काढायची. इंजिनात पाणी शिरलेलं असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडली नाही. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून डिस्क सुकवल्या.

नव्या गाडीचा पराक्रम झाला म्हणून मी फुशारले आणि हेळवाकला चहाला थांबले. इथे पडले. म्हणजे मी नाही, गाडी पडली, आणि तीही उभी असताना.

साइड स्टँड लावला, हेल्मेट काढलं, टपरीकडे चार पावलं गेले. मागे वळून पाहते तो गाडी सावकाश, जणू झोप आल्यासारखी, डावीकडे कलतेय. तांबड्या मातीत स्टँड रुतत चालला होता. पळत गेले, पण १८१ किलो. धप्प. एक क्षण मला नुसतं पावसात उभं राहावंसं वाटलं. मग उचलायला गेले. वाकून, हँडल धरून उचलायची नाही, कंबर धरते. सीटला पाठ टेकवायची, एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला आणि पायांच्या जोराने उलटं चालत उठायचं. हे व्हिडिओत पाहिलेलं सगळं खरं आहे. फक्त व्हिडिओत चिखल नसतो. माझे पाय घसरत राहिले. शेवटी टपरीवाल्या काकू आणि एक ट्रकवाले दादा धावले.

क्रॅश गार्डला ओरखडा, आरसा फिरलेला, क्लचचं लिव्हर आत वाकलेलं. "लागलं का कुठं, ताई?" काकूंनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्या ओरखड्याकडे बघून म्हणाल्या, "चला, नव्या गाडीची दिष्ट निघाली म्हना." मला रडू येता येता हसू आलं. गाडी मात्र सुरू होईना. बटण दाबलं की नुसता इंधनपंपाचा आवाजही नाही. ट्रकवाले दादा म्हणाले, प्लगमध्ये पाणी गेलं असेल. त्यांचं खरं धरून मी प्लग काढायला निघाले असते, पण आदल्या रात्री मॅन्युअल चाळलेलं उपयोगी पडलं. अशा गाड्यांत कलल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. किल्ली पूर्ण बंद करायची, थोडं थांबायचं, परत चालू करायची. केलं. पंप गुणगुणला, इंजिन लागलं. काकूंनी एक सपाट दगड आणून स्टँडखाली सरकवला. दोन चहा झाले, त्यांनी एकाचेच पैसे घेतले.

तिथूनच चिपळूणच्या मावसभावाला फोन केला. कोयना नदी जाते पूर्वेला, कृष्णेकडे. पण धरणातलं पाणी पोफळीला वीज करून पश्चिमेला वाशिष्ठीत उतरतं. वरून पाऊस, त्यात हे पाणी आणि खाली दाभोळच्या खाडीला भरती, असं जुळून आलं की चिपळूणकरांच्या काळजात धस्स होतं. २२ जुलै २०२१च्या महापुरानंतर तर जास्तच. भावाने खिडकीतून पाहूनच सांगितलं, "नदी पात्रात आहे. ओहोटी लागलीय. ये तू, पण रेंगाळू नको."

घाटाच्या तोंडाशी धुकं इतकं दाट की पुढच्या चाकापलीकडे रस्ता संपल्यासारखा. मी कडेला थांबले आणि एसटीची वाट पाहिली. कोकणात रस्ता आहे की नाही ते एसटीला विचारावं, असं मामा म्हणतात. कराडकडून एक लाल गाडी आली. तिच्या मागे तीस-चाळीस फूट अंतर ठेवून मी लागले. दोन तांबडे दिवे, एवढंच जग. दुसरा गिअर, उताराला इंजिनच गाडी धरून ठेवतं, मागचा ब्रेक नुसता टेकवलेला, पुढचा फक्त गाडी सरळ असताना. डोंगराच्या बाजूने धबधब्यांचं पाणी रस्त्यावर, त्यात वरून आलेले मुठीएवढे दगड. कडेला हिरवं शेवाळ. तिकडे चाक न्यायचंच नाही. गंमत म्हणजे वाकलेलं क्लच लिव्हर माझ्या आखूड बोटांना आता जवळ पडत होतं. अकरा दिवस ते लांब वाटत होतं आणि मी ताणत होते.

एका वळणावर खालून ट्रक आला, एसटी थांबली, मीही थांबले आणि निघताना गाडी बंद पडली. मागून हॉर्न. घाम फुटला, पण उतरले नाही. सुरू केली, निघाले. एसटीच्या चालकाने खिडकीतून हात बाहेर काढून 'ये, ये' केलं. आरशात त्याला माझा दिवा हललेला दिसला नसावा. शिरगाव येईतो धुकं विरलं, पोटातला गोळा विरला आणि भूक लागली.

पुढचं काहीच नाही. खेर्डी, बहादूरशेख नाका, मिरजोळी, रामपूर, मार्गताम्हाने, शृंगारतळी. पाऊस तोच, पण रस्ता लहानपणापासूनचा. पावणेतीनला आजीच्या अंगणात गाडी उभी केली. आई पडवीतून बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं, गुलाबी मोज्यांकडे पाहिलं आणि आत निघून गेली. संध्याकाळपर्यंत बोलली नाही. मामांनी फेरी मारली. लिव्हरला हात लावला. "पडलीस?"

"उभी असताना पडली. स्टँड रुतला."

"हम्म. राजदूत माझी तीनदा पडली अशी. अगो, कोकणात माती आहे, फरशी नव्हे." बाजाराबद्दल काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कार्य झालं. दुपारी व्याडेश्वरासमोर गाडी नेली, गुरुजींनी कुंकू लावलं, ते पावसाने पाच मिनिटांत टाकीवरून ओघळलं. संध्याकाळी मामांनी विहिरीच्या पाण्याने चिखल काढायला लावला, विशेषतः चेनमधला आणि ब्रेकच्या कॅलिपरमधला. तांबडी माती सुकली की कुरुंदासारखी घासते. चेन पुसून तेल दिलं. एका दिवसात तिच्या कडांवर तांबूस छटा आली होती.

सोमवारी पहाटे निघताना मामांनी हातात एक लाकडाची फळी दिली. तळहाताएवढी, कोपऱ्यात भोक पाडलेली आणि भोकात लांब सुतळी. रात्री पडवीत बसून केली असावी. "स्टँडखाली टाक. सुतळी हँडलला बांध, म्हणजे वर ओढायला उतरायला नको."

चिपळूणला सर्व्हिसिंगला दीड तास लागला. जुन्या ऑइलमध्ये चमचमणारी चांदीसारखी बारीक भुकटी होती. पहिल्या ऑइलमध्ये ती असतेच, म्हणून तर ते लवकर बदलायचं, असं मेकॅनिकने सांगितलं. क्लचचं लिव्हर शिल्लक नव्हतं, चार दिवसांनी येईल म्हणाला. तसंच घेऊन निघाले. हेळवाकला काकूंच्या टपरीसमोर फळी खाली सोडली, स्टँड लावला. काकू चहा गाळता गाळता सुतळीकडे बघत राहिल्या. "ह्ये कुनी करून दिलं?"