पहिल्या मीटिंगला जाण्याआधी

"दारू सोडायचीय, गटात जायचंय, पण तिथे नेमकं काय होतं?" हा प्रश्न बहुतेक जण आवाज खाली करून विचारतात. उभं करून सगळं कबूल करायला लावतील, ही भीती त्यात असते. तसं कुणी करत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

सुरुवात मात्र मीटिंगपासून नको. रोज भरपूर पिणाऱ्याने, विशेषतः सकाळी हात थरथरतात म्हणून घोट घ्यावा लागणाऱ्याने, गटाच्या भरवशावर एका दिवसात दारू तोडू नये. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते ४८ तासांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भास, ताप, भयंकर गोंधळ सुरू होऊ शकतो आणि त्यात माणूस दगावतोही. गटात हे सांभाळणारं कुणी नसतं. आधी डॉक्टरांकडे जा आणि रोज किती, शेवटची कधी, हे खरं सांगा. लाजेपोटी निम्मं सांगितलं तर औषधाचा डोसही कमी पडतो.

आता गट. सगळ्यात पसरलेला म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजेच एए. मीटिंगांच्या यादीत वार, वेळ आणि 'खुली' की 'बंद' हे लिहिलेलं असतं. बंद मीटिंग फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी. खुलीला घरचं माणूस सोबत चालतं. याद्या जुन्या राहतात, म्हणून निघण्याआधी मदतीच्या नंबरवर फोन करून मीटिंग आज नक्की आहे ना, एवढं विचारा. बंद दारासमोर उभा राहिलेला नवखा बऱ्याचदा पुन्हा येत नाही.

पंधरा मिनिटं आधी पोहोचा आणि दाराशी जो असेल त्याला "मी नवीन आहे" म्हणा. पुढचं तो बघतो. नाव फक्त पहिलं, तेही सांगायचं असेल तर. मीटिंग तास-दीड तास चालते, एकेक जण आपलं सांगतो, मध्ये कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही. तुमची पाळी आली तर "आज फक्त ऐकतो" पुरे. फी नाही, वर्गणीची पिशवी फिरते, नवख्याने काही टाकलं नाही तरी चालतं. सदस्यत्वाची अट एकच: पिणं थांबवण्याची इच्छा.

ऐकताना एक गडबड हमखास होते. समोरच्याची नोकरी गेलेली, घर मोडलेलं, आणि मन म्हणतं, माझं एवढं कुठे झालंय! घटना जुळवू नका. लपवून पिणं, "उद्यापासून बंद" म्हणणं, सकाळची शरम, हे जुळतंय का ते बघा.

माझ्या मते गटाचं खरं काम खुर्च्या आवरताना सुरू होतं. शेवटी येऊन आधी निघून जाणारे फार काळ टिकत नाहीत, कारण त्यांच्याकडे कुणाचाही नंबर नसतो. पहिल्याच दिवशी दोन-तीन नंबर घ्या आणि दुसऱ्या दिवशी, तलफ आलेली नसतानाच, एक फोन करून ठेवा. तलफ भरात असताना अनोळखी नंबर लावायला हात उचलत नाही. एएची सुरुवातही फोनवरच झाली. १९३५ मध्ये एएच्या दोन संस्थापकांपैकी एक, नुकतीच दारू सोडलेला बिल विल्सन अमेरिकेतल्या ॲक्रन शहरी हॉटेलात एकटा होता, बारकडे पाय वळत होते. त्याने फोन फिरवून दुसरा पिणारा शोधला. तो निघाला डॉ. बॉब स्मिथ. बिलला त्याला सुधारायचं नव्हतं. स्वतः न पिण्यासाठी त्याच्याशी बोलायचं होतं. म्हणून तुमचा फोन समोरच्यालाही उपयोगी पडतो. संकोच करू नका.

एका मीटिंगवरून गट ठरवू नका, पाच-सहा वेगवेगळ्या बघा. 'ईश्वर' शब्दाशी अडत असाल तर एएच्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे दारूतून बाहेर पडण्याच्या टप्प्यांमध्ये, 'आपल्याला उमगलेला' असंच म्हटलंय. तरीही जमलं नाही तर १९९४ पासून चालणारं स्मार्ट रिकव्हरी हे वेगळ्या पद्धतीचे गट आहेत. तिथे विचार आणि सवयी बदलण्याचे सराव करतात, स्पॉन्सर, म्हणजे नवख्याला वाट दाखवणारा जुना सदस्य, नसतो.

एएत स्पॉन्सर घाईने धरू नका. निदान वर्षभर न प्यायलेला, शक्यतो आपल्याच लिंगाचा, आणि स्वतः पायऱ्या केलेला असावा. तो डॉक्टर नव्हे. "गोळ्या बंद कर, नाहीतर तू सोबर नाहीस" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. नैराश्याची किंवा तलफेची औषधं डॉक्टरांना विचारूनच बदलायची. गटात उसने पैसे मागणारे आणि नवख्यांशी सलगी करू पाहणारेही भेटतात. अशांपासून सरळ लांब राहा, गट बदला, पण जाणं सोडू नका.

घरच्यांसाठी अल-ॲनॉन वेगळं आहे, १९५१ पासून. पिणारा यायला तयार नसला तरी त्यांनी जावं.

आणि घसरलात तर? पुन्हा जायला आठवडा लावू नका. त्या आठवड्यातच एका पेगची बाटली होते. रोजचं भरपूर पिणं पुन्हा सुरू झालं असेल तर आधी डॉक्टर, नाहीतर त्याच दिवशीची मीटिंग. पिऊन आलेल्यालाही सहसा बसू देतात, फक्त त्या दिवशी बोलू नये. काय झालं ते पुढच्या वेळी एका वाक्यात सांगा. खोलीतल्या कितीतरी जणांनी ते वाक्य कधी ना कधी उच्चारलेलं असतं.