वीस की चाळीस

दांडिया बाजारातल्या आमच्या ऑफिसात मी गिर्यारोहकांचं ट्रिप प्लॅनिंग बघतो, म्हणजे खरं तर दिवसभर टोपोशीटवर, म्हणजे डोंगरांच्या उंचीच्या रेषा दाखवणाऱ्या नकाशावर, डोळे फोडतो. बाकी व्हिसा, परमिट, विमानात गॅसचे डबे नेता येत नाहीत म्हणून ते किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकमधेच घ्यायचे, हे सगळं आता हातासरशी होतं.

यंदा चौघांना किर्गिझस्तानमधल्या वेस्टर्न कोकशाल-टू रेंजमधे जायचं होतं. चीनच्या सीमेला लागून, म्हणून सोव्हिएत काळात बंद, सगळ्यात उंच दानकोवा 5982 मीटर, आणि आजूबाजूला अजून कोणी न चढलेली बरीच शिखरं. रस्ता संपला की सहाचाकी ट्रक, आणि नकाशा म्हणजे जुनी सोव्हिएत लष्करी शीट, 1:1,00,000, म्हणजे 1 सेंटीमीटरला 1 किलोमीटर, सगळं रशियनमधे. ग्रुपवर शिखराला नाव काय द्यायचं यावर दोनशे मेसेज, कोणी आजारी पडलं तर खाली कसं आणायचं यावर तीन. असो.

त्या शीटवर मी जीव लावून काम केलं होतं. कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, मोजून एकेका टप्प्याचा चढ काढला. खरी गोम होती एका खिंडीत. तिथं 1 सेंटीमीटरमधे 15 रेषा, दर रेषेला वीस मीटर उंची, म्हणजे 1 किलोमीटरला 300 मीटर, साधारण 17 अंश. आरामात चढाल, कॅम्पही तिच्या पायथ्याशीच टाका, असं छातीठोकपणे लिहून दिलं.

शुक्रवारी दुपारी सेव उसळ खाऊन परत आलो तर आमची इंटर्न तीच शीट घेऊन बसलेली. म्हणाली, "दादा, शिखर 5100 लिहिलंय, खाली ग्लेशियरवर 4300, मग मधे वीसच रेषा कशा? चाळीस हव्यात ना?"

तीनदा मोजल्या. वीसच. म्हणजे दोन रेषांमधला उंचीचा फरक 40 मीटर. ते शीटच्या खालच्या पट्टीत छापलेलं असतं, स्कॅन करणाऱ्यानं नेमकी तीच पट्टी कापलेली, रेषांवरचे आकडे पुसट, आणि मी सवयीनं 20 धरून मोकळा. आता खिंडीचा चढ किलोमीटरला 300 नाही, 600 मीटर. 31 अंश. तिशीच्या पुढचा उतार म्हणजे ॲव्हलांचचं, बर्फाच्या कड्या कोसळण्याचं, घर, आणि मी त्याच्याच पायाशी तंबू टाकायला सांगितलेला!

त्या चौघांच्या लीडरकाकांना लगेच फोन केला. ते थोडा वेळ गप्प, मग म्हणाले, "अरे, मग तुझे बाकीचे आकडे तरी कशावरून बरोबर?" काय बोलणार. शनिवार-रविवार बसून सगळं पुन्हा मोजलं, कॅम्प हलवला, दुसऱ्या बाजूनं लांबची वाट काढून दिली. काका अजून हो म्हणालेले नाहीत.

आणि रविवारी रात्री आठवलं, दोन वर्षांपूर्वी अशाच शीटवरून एका ग्रुपला प्लॅन दिला होता. ते सुखरूप आले, पण त्यातला एक पोरगा म्हणाला होता, दादा, तुम्ही सांगितलेला चढ जरा जास्तच उभा निघाला. मी त्याला रोज पळायला जात जा म्हणून सांगितलं होतं.