तुम्ही विचारलंत म्हणून: सगळी लिस्प सुरुवातीलाच का लोड करत नाही? (लिस्प म्हणजे ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरला आपल्या कमांड जोडून देणारे छोटे प्रोग्राम.)

"ताई, चाळीस लिस्प आहेत तुमच्याकडे. स्टार्टअप सूटमध्ये टाकायची आणि मोकळं व्हायचं. कमांड मारल्यावर फाईल लोड होणार, हा घाट कशाला?" उद्यमनगरातल्या आमच्या ऑफिसात येणारा प्रत्येक नवा मुलगा हेच विचारतो. स्टार्टअप सूट म्हणजे दर ड्रॉइंगला आपोआप लोड होणाऱ्या फायलींची यादी.

अरे, त्या चाळीस फायली एका हातच्या नाहीत. दोन फायलींत एकाच नावाची कमांड निघाली की नंतर लोड झालेली आधीचीला गुपचूप पुसून टाकते. शिवाय दर ड्रॉइंगला सगळी पुन्हा वाचायची. ऑटोलोडमध्ये सुरुवातीला फक्त कमांडचं नाव नोंदवायचं, फाईल लागेल तेव्हाच उचलली जाते. हे मी वर्षानुवर्षं ठासून सांगत आले.

आणि मग ते पंपाचं कास्टिंग आलं. बिडाचं, लांबी 600. श्रिंकेज, म्हणजे ओतलेला धातू थंड होताना आकसतो ते, एक टक्का. म्हणून पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा लाकडी नमुना, 606 चा. जॉबचं फोल्डर मी जुन्या स्टीलच्या जॉबवरून कॉपी केलं होतं. त्यात श्रिंकेजच्या लिस्पची त्याच नावाची जुनी फाईल पडून होती, आत दोन टक्के. ऑटोकॅड फाईल शोधताना ड्रॉइंगचं फोल्डर आधी बघतं, सपोर्ट पाथ, म्हणजे सेटिंगमध्ये नेमून दिलेली फोल्डरं, नंतर. त्यानं जुनीच उचलली. 2014 च्या आवृत्तीपासून अनोळखी फोल्डरमधली लिस्प चालवण्याआधी ते विचारतं खरं, पण त्या खिडकीला वैतागून मीच जॉबांचं अख्खं फोल्डर ट्रस्टेड, म्हणजे न विचारता चालवायचं, करून ठेवलं होतं.

पॅटर्नवाले मामा प्रिंट घेऊन आले. 612 वर बोट ठेवलं. "ताई, बीडच हाय न्हवं हे?" मी मान वर न करता म्हणाले, "कॉम्प्युटरनं काढलंय, मामा." त्यांनी सागवान कापलं.

कास्टिंग 606 भरलं. बॉस, म्हणजे कास्टिंगवरचे उंचवटे, सरकलेले, लॉट परत. दोन दिवस मी सॉफ्टवेअरला शिव्या घालत होते. फोल्डर उघडून बघितलं ते तिसऱ्या दिवशी.

स्टार्टअप सूट फायलीचा पूर्ण पाथ, म्हणजे ड्राईव्हपासूनचा पत्ता, धरून ठेवतो, तिथे हे झालं नसतं. तेवढं तुमचं खरं. तरी मी ऑटोलोडची पद्धत सोडली नाही. आता कमांडच्या नावामागे डी ड्राईव्हपासूनचा पूर्ण पाथ लिहिते. पण ज्या पीसीला डी ड्राईव्हच नाही, तिथे कमांड अडते आणि मुलं पुन्हा तोच प्रश्न घेऊन येतात.

मामा अजून आकडा विचारतात. मी आधी डिस्टन्सची कमांड मारून मोजते, मग सांगते.