काम तेच, मग पगार जास्त का?

मोठ्या शहरात त्याच कामाला पगार जास्त का, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी पगारपत्रकं करतो, त्यामुळे लहान शाखेतला माणूस हा प्रश्न घेऊन माझ्याकडेच येतो: "काम तेच, मग मोठ्या शहरातल्याला जास्त का?" पूर्वी मी "तिथलं घरभाडं बघा की!" म्हणून मोकळा व्हायचो. पण ते उत्तर अर्धंच. भाडं भारी म्हणून कामगार जास्त मागतो, हे खरं. मालक देतो कशाला? जागा त्यालाही महागच पडते. परवडत नसतं तर त्याने केव्हाच गाशा गुंडाळला असता. ज्या अर्थी देतो, त्या अर्थी माणसामागे तेवढं काम निघतं.

कसं निघतं? वायरमन घ्या. लहान गावात तो पंखा, पंपाची मोटर, घरातलं फिटिंग, सगळंच बघतो. मोठ्या शहरात एखादा नुसत्या लिफ्टच बघतो. दिवसात तोच बिघाड चौथ्यांदा समोर आला, की पॅनेल उघडायच्या आधी, दार बंद होतानाच्या आवाजावरूनच त्याला कळतं कुठे अडलंय. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने १७७६ मध्येच लिहून ठेवलंय, की बाजार मोठा तशी कामाची विभागणी बारीक. तो म्हणतो, निव्वळ हमालीवर पोट भरायचं तरी मोठं शहर लागतं. शिवाय तिथे नोकरी पटली नाही तर दुसरी शोधायला बिऱ्हाड हलवावं लागत नाही. मालकालाही ते ठाऊक असतं.

मुळात हुशार माणसंच शहराकडे जातात, असंही म्हणतात. त्यातही तथ्य आहे, पण सगळं नाही. ग्लेझर आणि मारे या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये अमेरिकेतले आकडे तपासले. शहरी कामगार सुमारे ३३ टक्के जास्त कमावत होते, पण हा फरक शहरात पाऊल ठेवल्या ठेवल्या पदरात पडत नव्हता. तो वर्षागणिक वाढत होता आणि शहर सोडल्यावरही बराचसा टिकत होता. स्पेनमध्येही पुढे असंच दिसलं. म्हणजे आवाज ओळखणारा कान माणसाबरोबर परत येतो.

आमच्याकडे मात्र दर ठरतो तो शाखेच्या ठिकाणावरून. दहा वर्षं मोठ्या शहरात काढून परतलेल्या एकाला मी नियमाप्रमाणे इथला दर लावला. सहा महिन्यांत त्याने राजीनामा दिला. याच गावात त्याला जास्त देणारा भेटला होता.