पिवळ्याचा तिसरा डाव (सोलबाकेन मालिका, नोंद सहावी)

जमला! लिलस्ट्रोम जमला. हे आधीच सांगून टाकते, कारण मागच्या नोंदीत मी पुतळ्यांची सगळी ओळ माळ्यावर टाकायची धमकी दिली होती आणि तुमच्यातल्या तिघांनी ती खरी धरली.

नव्यांसाठी: स्टोले सोलबाकेन हा नॉर्वेचा फुटबॉलपटू, पुढे कोच झाला, आणि त्याच्या कारकिर्दीच्या टप्प्यांचे नऊ छोटे रेझिनचे पुतळे मी रंगवतेय. मागे सोडलं होतं ते इथे: नऊपैकी दुसरा पुतळा, नॉर्वेतला लिलस्ट्रोम क्लब, 1994 ते 97, पिवळा शर्ट, काळी चड्डी. त्या क्लबला ‘कॅनरी’ का म्हणतात हे कळायला पक्षी बघावा लागत नाही, त्यांचा शर्ट रंगवायला घ्यावा.

पहिल्या डावात मी आळस केला. पहिल्या पुतळ्याला, म्हणजे त्याच्या आधीच्या हॅमकॅम क्लबच्या हिरव्याला, काळा प्रायमर छान चालला, म्हणून ह्यालाही त्याच खोक्यात उभा करून गच्चीवर काळा स्प्रे मारला. काळ्यावर पिवळा! पहिल्या थराला शर्ट शेवाळी. दुसऱ्याला थोडा कमी शेवाळी. सातव्या थराला पिवळा म्हणता येईल असं काहीतरी आलं, पण तोवर कॉलर बुजली, बाहीच्या चुण्या बुजल्या आणि आमचा मिडफिल्डर पुरणपोळीत गुंडाळल्यासारखा दिसायला लागला.

मग रंग उतरवायला आयसोप्रोपिल अल्कोहोलची आंघोळ. वीस मिनिटं म्हणून ठेवला, तेवढ्यात फोन आला, दोन तास गेले. रेझिनला इतका मुक्काम सोसत नाही. टूथब्रशने घासताना डावा घोटा तुटला. अर्ध्या मिलिमीटरची पितळी तार घालून पिन केला, वर सुपरग्लूचा एक थेंब. उभा राहतो, पण जरा उजवीकडे कलून. असू दे, पास द्यायला निघालाय असं समजा.

दुसरा डाव पांढऱ्या प्रायमरवर. ह्याला तुम्हीच जबाबदार आहात, ‘पांढरा मार, पिवळा उठून दिसेल’ असं चौघांनी सांगितलं होतं. दिसला ना! उंचवट्यावर पांढरा, खाचेत गडद, मधे ओघळ. पांढऱ्या शर्टावर वरण सांडल्यावर दिसतं तस्सं. रंग पातळ केला की ओघळतो, घट्ट ठेवला की ब्रशचे फराटे. त्यात ती बाटली. एका ऑनलाइन दुकानातून मागवली होती, लेबलवर ‘हाय ओपॅसिटी’, आत वरती पाणी आणि तळाशी खडूचा चिखल. दोन स्टीलच्या गोळ्या टाकून दहा मिनिटं हलवली तेव्हा कुठे रंग म्हणावा असं झालं. त्या दुकानाचं नाव विचारू नका, खाली लिहिणार नाही. कॅडमियम यलो मिळालाच तर घ्या, नाहीतर साधा यलो ऑकर (मातकट पिवळा) घरात भरून ठेवा. का, ते पुढे येतंय.

तिसरा डाव मला पेणला सापडला. मामाकडे गेले होते, त्याच्या शेजारी गणपतीचा कारखाना. एक काका पितांबर रंगवत बसले होते आणि त्यांचा पिवळा असा भरघोस, की मला रडूच यायचं बाकी होतं. पर्समधून पुतळा काढून दाखवला (हो, मी तो बरोबर घेऊन फिरते). त्यांनी तो बोटांत धरून फिरवला आणि म्हणाले, ‘‘पिवळ्याला स्वतःचं अंग नसतं गं. खाली काय देशील तेच वर येणार.’’ पांढऱ्यावर ते आधी हलका गुलाबी हात मारतात, मग पिवळा.

घरी येऊन आइस्क्रीमच्या सहा चमच्यांवर सहा प्रकार केले. जिंकलेला चमचा असा: राखाडी प्रायमर, त्यावर फिका गुलाबी, एकच थर, झाकला गेला की बास. मग यलो ऑकर, कारण तो अपारदर्शक आहे, खालचं पोटात घेतो. मग ऑकरमध्ये निम्मा पिवळा. मग पिवळ्यात सुईच्या टोकाएवढा पांढरा, फक्त खांदे आणि छातीवर. शेवटी शुद्ध पिवळ्याचं ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक थर, दोनदा. सावलीला काळा अजिबात नाही, पातळ केलेला तपकिरी, तोही चुण्यांतच. कॉलर शाबूत! बाहीची शिवण दिसते! रात्री पावणेबाराला मी बाबांना उठवून दाखवला. ते म्हणाले, ‘‘हळदीचा कार्यक्रम आहे का ह्याचा?’’ मी हे कौतुक समजते.

(वेट पॅलेट, म्हणजे रंग ओला ठेवणारी थाळी, विचारलं होतं कोणीतरी. विकतचं घेऊ नका. घट्ट झाकणाचा पोळ्यांचा डबा, तळाला ओला स्वयंपाकघरातला स्पंज-पुसणं, वर बटर पेपर. गुलाबी चार दिवस ओला राहिला.)

एक मात्र मनात येतं. ज्या शर्टासाठी मी महिना घालवला, त्या शर्टात हा गडी 1994 आणि 1996 दोन्ही वेळा लीगमध्ये दुसराच आला. पुढे रोझेनबोर्ग. त्या वर्षांत नॉर्वेत सगळेच रोझेनबोर्गच्या मागे असायचे, 1992 पासून सलग 13 वेळा तेच जिंकले. पिवळ्याचा गुणच असावा.

पुढचा विम्बल्डन, हा इंग्लंडचा फुटबॉल क्लब, त्या मानाने सोपा. गडद निळा दोन थरांत बसला, पिवळ्या पट्टीखाली आधी ऑकरची रेघ ओढली. दोनदा हात हलला, तरी तासाभरात झाला. लीगचे सहा सामने, एक गोल, मग मॅनेजर जो किनियर यांच्याशी बिनसलं आणि पठ्ठ्या डेन्मार्कच्या आल्बोर्गला. तिथे 1999 मध्ये डॅनिश लीगचा विजेता. एएबीचा (म्हणजे आल्बोर्गचाच) लाल-पांढरा पुतळा मागच्या नोंदीत पाहिलात.

आणि खरी गंमत वुल्व्ह्सच्या कोचची, म्हणजे इंग्लंडच्या त्या क्लबचा कोच झालेल्या सोलबाकेनची. त्यांचा जुना सोनेरी रंग म्हणजे मुळात ऑकरच, थोडा नारिंगी घातलेला. काळं जॅकेट, कडेला सोनेरी, एका बैठकीत तयार. सगळ्या ओळीतला सर्वांत देखणा पुतळा त्याच्या सर्वांत वाईट नोकरीचा निघाला. जुलै 2012 ला आला, जानेवारी 2013 मध्ये एफए कपात लीगबाहेरच्या ल्यूटनकडून हरला आणि गेला. टक्कलावरची चमक मला पहिल्या फटक्यात साधली, तीही इथेच. त्याच्या वाट्याला ह्यापेक्षा जास्त सोनं तिथे आलं नाही.

आता अडकलेय ती जागा. पाचवा पुतळा कोपनहेगनचा खेळाडू, सहावा कोपनहेगनचा कोच, आणि मधे 13 मार्च 2001. सरावात हृदय बंद पडलं, क्लबच्या डॉक्टरने जागीच छातीवर मसाज दिला, हॉस्पिटलच्या वाटेवर हृदय परत सुरू झालं, पेसमेकर बसला, खेळणं संपलं. मी तिथे रिकामा बेस ठेवायचं ठरवलं होतं. ठेवला. घरी आलेल्या प्रत्येकाने विचारलं, ‘‘एक पडला का गं कुठे?’’ मामीने सोफ्याखाली शोधलासुद्धा. तेव्हा रिकामा बेस रद्द. हे लिहिता लिहिता सुचलं: माझ्याकडे एक जादा गोलकीपर पडून आहे, गुडघे टेकून खाली वाकलेला. हातमोजे तासून काढले, पंजे एकावर एक आणले, ट्रॅकसूट चढवला, की डॉक्टर. दुसरा माणूस दाखवायची गरजच नाही. ग्रीन स्टफची (पुतळ्यावर आकार द्यायची पुटी) पट्टी संपत आलीय, कोणाकडे उरलेली असेल तर कळवा.

म्हणजे दहा झाले. हॅमकॅमचा कोच का नाही म्हणून भांडणारे दोघे आता अकरावा मागणार. मागा. 2003 मध्ये त्याने वरच्या लीगमध्ये चढवलेली टीम 2004 मध्ये पाचवी आली, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण मला आता हिरवा बघवत नाही. बार्सिलोनाचा तेव्हाचा कोच गार्डिओला, त्याच्यासमोर नाकाला नाक लावून उभा असलेला जोडपुतळाही तूर्त नाही. बार्सिलोनाचा गोलकीपर पिंटो याने पंचाच्या शिट्टीची नक्कल केली त्यावरून पेटलेलं ते भांडण मलाही हवंय, पण गार्डिओलाचा सूट कोण रंगवणार?

जर्मनीच्या कोलन क्लबच्या कोचच्या बेसवर मात्र बदल करतेय. एप्रिल 2012 मध्ये ज्या क्लबने काढलं, त्याच्याच मैदानात ऑगस्ट 2020 मध्ये हा कोपनहेगन घेऊन युरोपा लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत उतरला होता, मँचेस्टर युनायटेडसमोर, आणि जादा वेळेतल्या पेनल्टीपर्यंत झुंजला. त्यामुळे कोलनच्या गवतात निळ्या-पांढऱ्या स्कार्फचं एक टोक दिसेल. कोणाला कळलं तर कळलं.

शेवटचा नॉर्वेच्या राष्ट्रीय संघाचा कोच. ही खुर्ची 2012 लाच मिळायची होती, कोलनने मधेच उचललं, मग डिसेंबर 2020. मी त्याला हात खिशात घातलेला केला होता. 16 नोव्हेंबर 2025 ला सान सिरोत इटलीला 4-1 हरवल्यावर तो पोझ चालेना, नवीन प्रिंट मागवलाय. आणि आत्ता वाटतंय, शेजारी 1998 च्या वर्ल्ड कप संघातला लाल शर्टातला तोच हवा. नॉर्वे त्यानंतर थेट 2026 च्या वर्ल्ड कपला पोचलं, आणि दोन्ही वेळा हा आहे.

फक्त लाल. लालही पिवळ्यासारखाच विरळ. सातव्या चमच्यावर आत्ताच गुलाबी मारलाय, फ्रिजवर वाळतोय, आणि आई विचारतेय आइस्क्रीम कुठाय.